ॲडम्स क्लॅस्प, लेबियल बो, फिंगर स्प्रिंग: वायर बेंडिंग हातात कसं बसवायचं

ऑर्थोच्या, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेच्या, पहिल्या प्रॅक्टिकलला जवळजवळ प्रत्येक मूल एकच चूक करतं. प्लायरमध्ये तार धरतं आणि मनगट फिरवतं. तार वाकते, पण खुणेवर नाही. चोचीपासून दोन-तीन मिलिमीटर पुढे जाऊन ती गोलसर फुगते. मग ते सुधारायला उलटा बाक, त्यावर पुन्हा सुलटा, आणि चौथ्या खेपेला हातात दोन तुकडे.

प्लायरने फक्त धरायचं असतं. वाकवायचं काम दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं. अंगठा चोचीला अगदी चिकटून दाबला तर बाक धारदार येतो. जितका लांबून दाबाल तितका तो ढिला आणि पसरट. एवढी एक गोष्ट पहिल्या दिवशी बोटांत उतरली तर पुढचे दोन महिने सुखाचे जातात. बाकी सगळं मापाचं आणि क्रमाचं काम आहे.

हा लेख मुख्यतः बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) मुलांसाठी आणि लॅबमध्ये नव्याने लागलेल्या टेक्निशियनसाठी आहे. उदाहरण म्हणून हॉली प्लेट घेतली आहे, म्हणजे टाळूवर बसणारी, काढता-घालता येणारी अक्रिलिकची (प्लास्टिकची) प्लेट. अमेरिकेतल्या चार्ल्स हॉली यांनी शंभरेक वर्षांपूर्वी आणलेली ही प्लेट अजूनही रिटेनर म्हणून, म्हणजे सरळ केलेले दात जागेवर टिकवायला, सर्रास वापरली जाते. तिच्यात ॲडम्स क्लॅस्प (दाढेला धरणारी तारेची पकड) आणि लेबियल बो (पुढच्या दातांवरून जाणारी तारेची कमान) एकत्र शिकता येतात, आणि एक फिंगर स्प्रिंग (दात ढकलणारी बारीक तार) जोडली की तीच प्लेट दात सरकवायलाही लागते.

तार आणि हत्यारं

रिमूव्हेबल प्लेटची तार म्हणजे कडक स्टेनलेस स्टील. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. म्हणूनच निकेलची ॲलर्जी आहे का, हे पेशंटला आधी विचारून घ्यायचं. दाढेच्या क्लॅस्पला आणि लेबियल बोला ०.७ मिमी, उपदाढेच्या किंवा पुढच्या दातांच्या क्लॅस्पला ०.६ मिमी, फिंगर स्प्रिंगला ०.५ मिमी. दुकानात गेजमध्ये मागितलीत तर ०.७ म्हणजे २२ गेज, ०.६ म्हणजे २३ आणि ०.५ म्हणजे २५. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. हे उलटं गणित विसरून मुलं दरवर्षी चुकीचं रीळ घेऊन येतात.

हे स्टील वाकवलं की त्या जागी आणखी कडक होतं. म्हणून पहिला बाक सहज बसतो, तिथेच दुसऱ्यांदा वाकवताना जोर लागतो आणि तिसऱ्यांदा तार तुटते. लॅबमध्ये तुटली नाही तर सहा महिन्यांनी पेशंटच्या तोंडात तुटते, आणि ते जास्त वाईट. चुकलेला बाक किंचित दुरुस्त करणं ठीक आहे. पूर्ण उलगडून पुन्हा देणं नाही. तुकडा टाका, नवा घ्या. तार स्वस्त असते.

काही हुशार मुलं तार मऊ व्हावी म्हणून बन्सेन बर्नरवर धरतात. तार लाल झाली की मऊ होते हे खरं, पण तिची स्प्रिंगही गेली. शिवाय त्या तापमानाला क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि गंजाला अडवणारं क्रोमियम तिथे कमी पडतं. असा क्लॅस्प दाढेवर नुसता लोंबतो, पकडत नाही. काळपट डाग दिसला की मी तो परत करते. तपासायचीही गरज पडत नाही.

हत्यारं तीनच लागतात. चौकोनी, निमुळत्या चोचींचा ॲडम्स प्लायर. एक चोच गोल आणि एक चपटी असलेला बर्ड बीक. हाच १३९ नंबरचा. आणि जाड तारेचा कटर. तार प्लायरने तोडायची नाही, प्लायरची चोच खराब होते. नवा प्लायर घेताना चोचींच्या कडा नखाने तपासा. धार टोचली तर ती प्रत्येक बाकावर खाच पाडणार, आणि तार तुटायला लागते ती खाचेपासूनच. खुणेसाठी काचेवर चालणारी मेणाची पेन्सिल वापरा. फाइलने किंवा ब्लेडने खूण करू नका, तीही खाचच.

आणि चष्मा. कापताना सुटं टोक दुसऱ्या हाताच्या बोटाखाली दाबून धरायचं. तो चार मिलिमीटरचा तुकडा कुठे उडाला हे शोधण्यात आमची एक अख्खी दुपार गेली होती. तो शेजारच्या मुलीच्या ॲप्रनच्या खिशात सापडला. डोळा तिथून दोन वीतच वर असतो.

आधी हात तयार करायचा

रिळावरची तार वळलेली असते. पंधरा सेंटिमीटरचा तुकडा घ्या, एक टोक प्लायरमध्ये धरा आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीतून, वळणाच्या उलट दाब देत, हळू ओढत जा. आठ-दहा वेळा. मग काचेच्या स्लॅबवर ठेवून बोटाने लोटा. सरळ तार पेन्सिलीसारखी एकसारखी गडगडते. कुठे बाक उरला असेल तर उड्या मारते. डोळ्याला सरळ दिसणारी तारही स्लॅबवर हटकून चुगली करते.

पुढे कागदावर चौकोन, त्रिकोण, वर्तुळ काढून त्यावर तार बसवायची. चौकोनाला चपटी चोच, वर्तुळाला गोल. इथे दोन कसोट्या आहेत: कागदावरच्या रेघेशी जुळणं, आणि स्लॅबवर ठेवल्यावर चारही कोपरे टेकणं. दुसरी कसोटी अवघड. एक कोपरा वर राहिला म्हणजे बाक देताना तार चिमटीत किंचित पिळली गेली. स्टील थोडं मागे येतं, म्हणून नव्वद अंश हवे असतील तर दोन-चार अंश पुढे जाऊन सोडायचं. किती, हे तारेच्या जाडीवर आणि तुमच्या अंगठ्यावर ठरतं. ते कोणी सांगून कळत नाही.

या आकारांनंतर मी मुलांना ०.७ च्या तारेत 'ळ' काढायला लावते. जर्नलमध्ये तो नाही, माझाच हट्ट आहे. दोन शेजारशेजारचे गोल, एकाच उंचीचे, एकाच पातळीत, आणि मधली वळणं न पिचकता. ज्याचा 'ळ' स्लॅबवर सपाट बसतो, त्याच्या लेबियल बोचे दोन्ही यू लूप सारखे येतात.

ॲडम्स क्लॅस्प

श्वार्ट्झ यांच्या जुन्या ॲरोहेड क्लॅस्पमध्ये बदल करून सी. फिलिप ॲडम्स यांनी हा क्लॅस्प इंग्लंडमध्ये तयार केला. १९५० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. लिव्हरपूल क्लॅस्प हे त्याचं दुसरं नाव. त्याची करामत अशी की तो दाढेला गालाकडून, फुगवट्याखालच्या दोन कोपऱ्यांत, दोन बाणांच्या टोकांनी, म्हणजे ॲरोहेडनी, धरतो. दाढ वरून फुगीर आणि हिरडीजवळ आत गेलेली असते. त्या आत गेलेल्या जागेला अंडरकट म्हणतात. टोकं तिथे बसली की प्लेट खाली पडत नाही.

म्हणून पहिलं काम तारेचं नाही, मॉडेलचं, म्हणजे पेशंटच्या दातांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीचं. लहान मुलांत दाढ पूर्ण वर आलेली नसते आणि अंडरकट हिरडीखाली लपलेला असतो. मॉडेलवर दाढेच्या पुढच्या आणि मागच्या बाजूची हिरडीची शेंडी पातळ सुरीने अगदी थोडी खरवडायची, दाताच्या अंगाला धरून, म्हणजे ॲरोहेडला शिरायला जागा मिळते. दात खरवडायचा नाही. दात खरवडला की क्लॅस्प मॉडेलवर सुरेख बसतो आणि तोंडात बसतच नाही.

आता १०-१२ सेंटिमीटर सरळ केलेली ०.७ ची तार. मॉडेलवर दोन्ही अंडरकटच्या जागी पेन्सिलने खूण करा आणि त्यांच्यातलं अंतर तारेच्या मधोमध उतरवा. हा ब्रिज. पुस्तकं याला दाढेच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश म्हणतात. वरची पहिली दाढ साधारण दहा मिलिमीटर रुंद धरली तर साडेसहा-सात. अंदाजाला हा आकडा चांगला, पण शेवटचा शब्द मॉडेलवरच्या खुणांचा. ब्रिज लांब झाला तर ॲरोहेड शेजारच्या दाताला टेकतात आणि त्याला ढकलतात. आखूड झाला तर ते फुगवट्यावर चढून बसतात आणि पकड मिळत नाही.

पहिला बाक नव्वद अंशांचा. लगेच दुसरा देऊ नका. तार दाढेवर धरून दुसऱ्या खुणेची जागा पुन्हा बघा, मग दुसरा बाक त्याच दिशेला. आता तारेचा आकार उलट्या चौकोनी कमानीसारखा दिसेल. मधला भाग ब्रिज, दोन पाय हिरडीकडे. ब्रिज अगदी सरळ असला पाहिजे. त्यात इथे आलेलं पोट नंतर निघत नाही.

ब्रिज दाढेच्या उंचीच्या मध्यावर धरा आणि पाय हिरडीच्या कडेला कुठे पोचतो तिथे खूण करा. या खुणेवर ॲडम्स प्लायरच्या चोचीचं टोक लावून तार बाहेरच्या बाजूने पूर्ण उलटी वळवायची, म्हणजे आधी हिरडीकडे गेलेली तार आता चावण्याच्या पृष्ठभागाकडे परत येते. हा ॲरोहेड. वळवताना तो गोल आणि रुंद होतो. मग चोचींत हलकेच दाबून निमुळता करा. हलकेच. पूर्ण चेपून दोन्ही पाय एकमेकांना चिकटवले तर टोकाशी तार दमते आणि तिथूनच जाते. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन्ही ॲरोहेड सारख्या लांबीचे आणि एकमेकांना समांतर आहेत का, हे क्लॅस्प स्लॅबवर ठेवून बघा.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त चुकते. ॲरोहेड आता ब्रिजच्याच पातळीत आहेत. ते प्रत्येकी चोचीत धरून दाताच्या दिशेने ४५ अंश वाकवायचे, असे की टोकं अंडरकटमध्ये शिरतील आणि ब्रिज दातापासून मोकळा राहील. दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवा. ब्रिज दाताला चिकटला तर तिथे अन्न अडकतं आणि प्लेट काढायला पेशंटच्या नखाला जागा राहत नाही. फार लांब गेला तर गाल सोलतो. बाजूने पाहिलं तर ब्रिज दाताच्या उभ्या रेषेशी ४५ अंशात दिसला पाहिजे. दोन्ही ॲरोहेड एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक टेकला आणि दुसरा हवेत, अशी गत झाली तर ब्रिज वाकवून सोय करण्याचा मोह होतो. करू नका, ज्या ॲरोहेडची चूक तोच दुरुस्त करा.

आता उरलेले दोन मोकळे पाय दातांच्या मधून टाळूकडे न्यायचे. ॲरोहेड त्याच्या अर्ध्या उंचीवर बाहेरून धरा आणि पाय दोन दातांच्या फटीवरून आत वळवा. ही तार फटीत इतकी बसकी हवी की वरचे-खालचे दात मिटल्यावर तिच्यावर चावलं जाणार नाही. समोरचं मॉडेल लावून बघा. ते न पाहता दिलेल्या क्लॅस्पवर पेशंट दिवसभर चावतो आणि पंधरवड्यात तुटलेली प्लेट घेऊन येतो.

टाळूच्या बाजूला आलेला भाग म्हणजे टॅग. तो मॉडेलला चिकटवायचा नाही. सुमारे एक मिलिमीटर वर ठेवायचा, म्हणजे अक्रिलिक त्याच्या सगळ्या बाजूंनी जाईल. टोकाला छोटा आडवा बाक द्या, नाहीतर टॅग अक्रिलिकमधून घसरून बाहेर येतो.

लेबियल बो

क्लॅस्प जमला की बो सोपा वाटतो, आणि तिथेच फसगत होते. इथे मोठा भाग प्लायरशिवाय करायचा आहे.

पंधरा सेंटिमीटरची ०.७ ची तार अंगठा आणि बोटांच्या चिमटीत ओढत तिला पटाशीच्या दातांच्या कमानीसारखं वळण द्या. मॉडेलवर ठेवून बघा, पुन्हा ओढा. ती पुढच्या चारही दातांच्या उंचीच्या साधारण मध्यावर टेकावी. प्लायरने वळण द्यायला गेलात तर कमानीऐवजी कोपरे कोपरे दिसतात. दात वाकडे असतील तर तार प्रत्येक दाताच्या वाकडेपणाप्रमाणे वाकवायची नाही. जे दात बाहेर आहेत तेच टेकतील.

सुळ्याच्या पुढच्या एक-तृतीयांशावर खूण करा आणि तिथे तार हिरडीकडे नव्वद अंश वळवा. मग यू लूप, बर्ड बीकच्या गोल चोचीवर. लूपची रुंदी सुळ्याच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश, उंची हिरडीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर वर, आणि हिरडीपासून सुमारे एक मिलिमीटर दूर. जास्त उंच लूप ओठाच्या आतल्या घडीला टोचतो. लूपचे दोन्ही पाय समांतर. मग तार सुळा आणि पहिली उपदाढ यांच्या फटीतून टाळूकडे, क्लॅस्पच्या पायासारखीच बसकी, आणि टॅग.

एका बाजूचा लूप पूर्ण झाल्यावर दुसऱ्या बाजूची खूण पुन्हा मॉडेलवर बघून करा. आधी केलेल्या खुणा इथे खोट्या ठरतात, कारण पहिल्या लूपमध्ये कमान किंचित सरकलेली असते.

फिंगर स्प्रिंग, आणि थोडं गणित

तारेची स्प्रिंग किती जोर लावते हे जाडीच्या चौथ्या घातावर आणि लांबीच्या तिसऱ्या घातावर ठरतं. जाडी दुप्पट केली तर जोर सोळापट; लांबी दुप्पट केली तर जोर एक-अष्टमांश. ०.५ ऐवजी हाताशी आली म्हणून ०.७ ची तार घेतलीत तर तेवढ्याच वाकवण्याला जवळजवळ चौपट जोर लागतो. एकमुळी दात नुसता कलवायला पंचवीस ते चाळीस ग्रॅम पुरतात. त्याच्या चौपट दिलं तर दात चौपट वेगाने जात नाही. मुळाभोवतीचा रक्तपुरवठा चेपला जातो, पेशंट दुखतंय म्हणून प्लेट काढून ठेवतो, आणि दात तिथेच राहतो.

स्प्रिंगमधली कॉइल, म्हणजे तारेचा गोल फेरा, त्यासाठीच असते. आतून तीन मिलिमीटर व्यासाची एक कॉइल म्हणजे जागा न खाता साधारण अकरा मिलिमीटर जास्तीची तार.

करायची अशी: ०.५ ची तार, बर्ड बीकच्या गोल चोचीवर तीन मिलिमीटर व्यासाला एक पूर्ण फेरा. चोच निमुळती असते, म्हणून व्यास कुठे येतो ते आधी मोजून चोचीवर पेन्सिलने खूण करून ठेवा. एक टोक १२ ते १५ मिलिमीटरचं, हे दाताला लागणारं बोट. दुसरं टाळूकडे वळवून टॅग. दिशा चुकवू नका. प्लेट तोंडात बसवताना दाताच्या दाबाने कॉइल आवळली गेली पाहिजे, आणि दात सरकेल तशी ती उलगडली पाहिजे. उलट केली तर चालते, पण अर्धवट चालते. बोट दाताला हिरडीजवळ टेकावं. टोकाजवळ टेकलं तर दात फारच कलतो.

अक्रिलिक ओतण्याआधी कॉइल आणि बोट मेणाने झाकायचं, म्हणजे तिथे पोकळी राहते. हे मेण विसरलेली स्प्रिंग अक्रिलिकमध्ये गाडली जाते. आमच्याकडे तिला 'समाधी' म्हणतात. दरवर्षी एक तरी निघते.

अक्रिलिकआधी आणि नंतर

सगळ्या तारा मॉडेलवर ठेवून गालाकडून आणि ओठाकडून स्टिकी वॅक्सने पक्क्या करा. एकदा बोटाने हलवून बघा. अक्रिलिक घट्ट झाल्यावर हललेली तार कोणी सुधारू शकत नाही. टाळूच्या बाजूला सेपरेटर (अक्रिलिक मॉडेलला चिकटू नये म्हणून द्यायचा थर) लावताना तो टॅगवर चढू देऊ नका.

खुर्चीत पेशंट असताना क्लॅस्प घट्ट करायचा झाला तर दोन जागा आहेत. ॲरोहेडजवळ वाकवलं तर टोक सरळ दाताकडे आत जातं. फटीवरून जाणाऱ्या भागात वाकवलं तर ते आत आणि हिरडीकडेही जातं. ढिला वाटला म्हणून दोन्हीकडे एकदम वाकवू नका. काय लागलं आणि काय जास्त झालं हे कळत नाही. लेबियल बो आवळायला यू लूप दोन्ही बाजूंना साधारण एक-एक मिलिमीटर दाबतात. दाबल्यावर बोचा पुढचा भाग दातांच्या कडेकडे घसरतो, म्हणून लूपच्या तळाशी छोटा उलट बाक देऊन तो पुन्हा वर आणावा लागतो. हा बाक विसरला जातो आणि पुढच्या भेटीला बो दातांच्या टोकावर आलेला असतो.

फिक्स्ड ब्रेसेसमध्ये बाक वेगळे. आत-बाहेर, कलणं आणि मुळाचा पीळ, असे तीन प्रकारचे. एजवाइज या जुन्या पद्धतीच्या काळात ते सगळे प्रत्येक दातासाठी तारेत द्यावे लागत. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी सत्तरच्या दशकात ते दातावर चिकटवायच्या ब्रॅकेटमध्येच घातले आणि तार बरीचशी सरळ राहिली. सुरुवातीच्या निकेल-टायटॅनियमच्या तारेला तर बाक बसतच नाही. ती परत मूळ आकारात येते, तेच तिचं काम. पण शेवटच्या चार-सहा महिन्यांत, एखादा दात अर्धा मिलिमीटर बाहेर दिसतो तेव्हा स्टील किंवा बीटा टायटॅनियमच्या तारेत हातानेच बाक द्यावा लागतो. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

प्लेट देताना पेशंटला आरशासमोर उभं करून काढायला लावा. लेबियल बोला धरून ओढायची नाही, दोन्ही बाजूंच्या क्लॅस्पच्या ब्रिजखाली नख घालून खाली सोडायची. जेवताना काढली तर डबीत ठेवायची, कागदी रुमालात नाही. रुमाल कचऱ्यात जातो. आणि हे वाचणाऱ्यांत कोणी पेशंट असेल, प्लेट ढिली झाली असेल आणि घरी पक्कड हाताशी असेल, तर ती जागेवर राहू द्या. क्लॅस्प आवळायला दवाखान्यात फार वेळ लागत नाही. घरच्या पकडीने वाकवलेला क्लॅस्प मात्र कापून पूर्ण नवा करावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा माप.